दाखविलेले उत्पन्न आणि मुलाचा वाटा

पोटगीच्या प्रकरणात देणेकरी पालक नोकरदार नसून स्वतःचा धंदा करणारा असला, म्हणजे एक समजूत सर्वत्र गृहीत धरली जाते. ती अशी की, या माणसाचे खरे उत्पन्न कोठे तरी तयार अवस्थेत पडलेले आहे, त्याने ते झाकून ठेवले आहे, आणि योग्य तो कागद, मग ते एखाद्या पतपेढीचे पासबुक असो की दुकानातली कच्ची वही असो, हाती लागला की ते आपोआप उजेडात येईल. मुलाची आई वर्षानुवर्षे या कागदामागे धावते, तिचा वकील तो मिळाला नाही म्हणून हळहळतो, आणि तो रुजू झाला नाही एवढ्याच कारणावरून न्यायालय आयकर विवरणपत्रातला आकडा उचलून त्यावर मुलाच्या दुधाचा, शाळेच्या फीचा आणि औषधपाण्याचा हिशेब बसविते. ही समजूत मला उथळ वाटते. आणि ती निरुपद्रवीही नाही, कारण कागद लपविणाऱ्याला तिच्याइतका भक्कम आसरा दुसरा कोणी देत नाही.

माझे प्रतिपादन असे. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचे उत्पन्न सापडत नसते, ते ठरवावे लागते. हिशेब लिहिणारा आणि हिशेबातून लाभ घेणारा जेथे एकच माणूस असतो, तेथे ‘निव्वळ नफा’ हा आकडा त्याच्या निवडींचा परिपाक असतो. म्हणून मुलाचा वाटा ठरविताना आरंभ विवरणपत्रापासून न करता त्याच्या ताब्यात येणाऱ्या पैशापासून आणि त्याच्या राहणीपासून करावा, कागद हजर करण्याचा भार ज्याच्या कपाटात कागद आहेत त्याच्यावर टाकावा, आणि तो भार त्याने उचलला नाही तर न्यायालयाने न कचरता अंदाज बांधावा.

पगारदाराच्या बाबतीत काय घडते

पगारदाराच्या आणि न्यायालयाच्या मध्ये एक तिऱ्हाईत उभा असतो, तो म्हणजे मालक. पगारपत्रक मालक देतो, कर मालक कापतो, न्यायालयाने मागितल्यास मालकाचा कारकून दफ्तर घेऊन हजर होतो, आणि आदेश झाल्यावर पगारातून जप्तीची रक्कमही मालकच वळती करतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका प्रकरणात पतीच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा हे पत्नीच्या पोटगीचे न्याय्य प्रमाण मानले, तेव्हा त्या प्रमाणाला अर्थ होता, कारण ज्याचा चौथा हिस्सा काढायचा ती रक्कम निर्विवाद होती. तेच प्रमाण हार्डवेअरच्या दुकानदाराला, टेम्पोच्या मालकाला, खासगी शिकवणीवाल्याला किंवा दंतवैद्याला लावताना आपण विसरतो की, येथे तिऱ्हाईत कोणी नाही आणि त्याच्या विवरणपत्राखाली सही करणाऱ्या सनदी लेखापालालाही बहुधा अशिलाने पुढे केलेल्या कागदांवरच विसंबावे लागते.

पहिली पायरी : विवरणपत्र काय सांगते आणि काय सांगत नाही

आयकराचे विवरणपत्र हा सरकार आणि करदाता यांच्यामधला व्यवहार आहे. त्यातला आकडा खोटा असतोच असे मी म्हणत नाही. तो संपूर्णपणे कायदेशीर असूनही मुलाच्या दृष्टीने निरर्थक असू शकतो, हे माझे म्हणणे आहे.

अनुमानित उत्पन्नाची पद्धत पाहा. लहान व्यापाऱ्यांवरील वह्या ठेवण्याचा बोजा कमी व्हावा म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात ४४एडी, ४४एडीए आणि ४४एई ही कलमे घालण्यात आली. पहिल्यानुसार ठराविक मर्यादेपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याने उलाढालीच्या किमान आठ टक्के, आणि रक्कम बँकेच्या मार्गाने आलेली असल्यास सहा टक्के, नफा दाखविला म्हणजे त्याला खर्चाचा तपशील विचारला जात नाही. दुसऱ्यानुसार डॉक्टर, वकील, वास्तुविशारद यांनी जमेच्या निम्मी रक्कम दाखविली की पुरते. तिसऱ्यानुसार मालवाहू टेम्पोच्या मालकाने दर गाडीमागे दरमहा साडेसात हजार रुपये उत्पन्न धरले तरी चालते. प्रत्यक्ष मिळकत याहून अधिक असेल तर ती दाखवावी अशी अपेक्षा कायद्यात आहे, परंतु व्यवहारात किमान तेच कमाल होऊन बसते. नव्वद लाखांची उलाढाल असलेल्या दुकानदाराचे वार्षिक उत्पन्न मग सात लाख वीस हजार ठरते आणि दोन टेम्पो बाळगणाऱ्याचे मासिक उत्पन्न पंधरा हजार ठरते, मग त्या गाड्या वाशीच्या बाजारात दिवसाला दोन फेऱ्या करोत की तीन करोत. कर आकारणाऱ्याच्या सोयीसाठी सरकारने स्वतः कल्पिलेला हा आकडा पोटगीच्या न्यायालयात मात्र ‘उत्पन्नाचा पुरावा’ म्हणून दाखल होतो, आणि त्याच्यावर सरकारी शिक्का असल्यामुळे समोरच्या बाईची तोंडी साक्ष त्याच्यापुढे फिकी पडते.

ज्यांच्या वह्या रीतसर लिहिल्या जातात त्यांचीही गत फारशी निराळी नाही. बारा लाखांची मोटार धंद्याच्या नावाने घेतली की पहिल्या वर्षी पंधरा टक्के दराने एक लाख ऐंशी हजार रुपये घसारा म्हणून नफ्यातून वजा होतात. म्हणजे कागदावरचे उत्पन्न दरमहा पंधरा हजारांनी उतरते, आणि या वजावटीपोटी त्या वर्षी एक रुपयाही खिशातून बाहेर गेलेला नसतो. यंत्र झिजते, ते कधी तरी बदलावे लागते, म्हणून कराच्या हिशेबात घसारा योग्यच आहे. पण रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी जेवायला जाण्यासाठी वापरलेल्या मोटारीचा घसारा मुलाच्या तोंडच्या घासातून वजा व्हावा, याचे समर्थन कोणत्या न्यायाने करायचे?

दुसरी पायरी : उत्पन्न कोठे मुरते

लपविण्याचा सर्वात ढोबळ मार्ग म्हणजे गल्ल्यात आलेली रोकड लिहायचीच नाही. त्यावर फार लिहिण्याचे कारण नाही, सगळ्यांना तो ठाऊक आहे. धंद्याच्या वहीत पचविलेला घरखर्च हा त्याहून सूक्ष्म मार्ग होय. फोन, पेट्रोल, घराच्या एका खोलीचे ‘कार्यालय’ म्हणून भाडे, आईला ‘पगार’, भावाला ‘दलाली’, कुटुंबाची सहल ‘व्यावसायिक प्रवास’. यांतील प्रत्येक नोंद सुटी पाहिली तर बचावता येते. सर्व एकत्र मांडल्या म्हणजे कळते की या गृहस्थाचे जगणे धंदाच पोसत आहे आणि निव्वळ नफा हा जगून उरलेला शेष आहे. नोकरदार आपल्या पगारातून जगतो आणि त्याच पगारावर पोटगी मोजली जाते. हा आधी जगतो आणि उरलेल्यावर पोटगी मोजली जावी असे म्हणतो. एवढा एक भेद ध्यानात घेतला तरी खासगी स्वरूपाचे सर्व खर्च नफ्यात परत मिळविल्यावाचून पोटगीचा आकडा काढणे हा अन्याय आहे, हे पटावे.

तिसरा मार्ग नावांचा. दुकान वडिलांचे, गोदाम हिंदू एकत्र कुटुंबाचे, भागीदारीत आपला हिस्सा दहा टक्के, आणि खात्यावर सही करण्याचा अधिकार मात्र एकट्या आपल्याला. अर्ज दाखल झाल्याची नोटीस येताच भागीदारीपत्र बदलते, अर्जदाराच्या सामनेवाल्याचा ‘मालक’ हा हुद्दा जाऊन तो बापाच्या दुकानातला आठ हजारांचा नोकर होतो. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांत बसलेल्या कोणालाही ही कैफियत नवी वाटणार नाही. खाजगी कंपनी असेल तर नफा वाटायचाच नाही, तो कंपनीतच राहू द्यायचा, आणि आपण संचालक म्हणून किरकोळ मेहनताना घ्यायचा, हीही त्याचीच एक तऱ्हा.

महाराष्ट्रात या सर्वांच्या जोडीला शेती आहे. शेतीचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असल्यामुळे ते विवरणपत्रात कमी दाखविण्याची गरज नसते. उलट धंद्यातला पैसा शेतीच्या नावाने पांढरा करण्याचा मोह असतो. तोच माणूस पोटगीच्या न्यायालयात येऊन दुष्काळाचा दाखला देतो. अशा वेळी निव्वळ सातबारा पुढे करणे व्यर्थ आहे, कारण तो जमीन सांगतो, पैसा सांगत नाही. पैसा सांगतात ते साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे कागद, जिल्हा बँकेत जमा झालेले उसाचे बिल, आणि बाजार समितीतल्या अडत्याची हिशोबपट्टी. हे कागद तिऱ्हाइतांनी लिहिलेले असतात, म्हणूनच त्यांचे मोल आहे.

पत्नीच्या नावाने दाखविलेले उत्पन्न

येथे एका गोष्टीवर थांबणे मला आवश्यक वाटते, कारण तीत अन्याय दुहेरी आहे. संसार चालू असताना कराचा बोजा विभागावा म्हणून कित्येक व्यापारी पत्नीच्या नावाने विवरणपत्र भरतात. शिवणकाम, शिकवणी, ‘कमिशन’ असे काही तरी उत्पन्न तिच्या नावे दाखवितात. ती सही करते, पैसा तिने पाहिलेलाही नसतो. संसार मोडला की हीच विवरणपत्रे तिच्याविरुद्ध दाखल होतात आणि ती स्वतः कमावती आहे, मुलाचा अर्धा भार तिने उचलावा, असा युक्तिवाद होतो. ज्या कागदाने एकेकाळी पतीचे उत्पन्न कमी दाखविले, तोच आता मुलाची पोटगी कमी करतो. या कागदाचे उत्तर कागदातच आहे : ती रक्कम ज्या खात्यात आली त्या खात्यातून पुढे कोठे गेली, हे पाहिले म्हणजे बहुधा ती पतीच्या धंद्याकडे परतलेली दिसते. पत्नीने आपल्याच जुन्या विवरणपत्रांना भिऊन गप्प बसू नये. त्यांचा खुलासा प्रतिज्ञापत्रातच, विचारण्यापूर्वी, करावा.

तिसरी पायरी : खर्च आणि कर्जाचा अर्ज

माणूस आपली मिळकत दडवू शकतो. आपला खर्च इतक्या सहजतेने दडवू शकत नाही, कारण खर्चाला दुसरी बाजू असते आणि ती दुसऱ्याच्या वहीत नोंदलेली असते. घरकर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, सोसायटीचे देणे, क्रेडिट कार्डाचे बिल, परदेश प्रवासाचे तिकीट, या पाच बाबींची वर्षाची बेरीज दाखविलेल्या उत्पन्नाहून जास्त येत असेल, तर फरक कोठून आला हे सांगणे त्याचे काम आहे. ‘मित्राकडून हातउसने’ हे नेहमीचे उत्तर. मग त्या मित्राला साक्षीला बोलवावे, त्याच्याजवळ देण्याइतकी ऐपत होती काय हे विचारावे.

या सर्वांत कर्जाच्या अर्जाइतका बोलका कागद मला दुसरा दिसत नाही. कर्ज मागताना माणसाला आपले उत्पन्न मोठे दाखवायचे असते. बँकेला दिलेल्या अर्जात तो उलाढाल, नफा, भाडे, शेती, सोने, सारे मांडतो, त्याखाली सही करतो, लेखापालाचा दाखला जोडतो. आणि त्याच वर्षी न्यायालयाला सांगतो की महिन्याला बारा हजार मिळतात. बँकेला सांगितलेले खरे की न्यायालयाला सांगितलेले खरे, हा प्रश्न त्याला उलटतपासणीत विचारला की दोहोंपैकी कोणते तरी एक उत्तर त्याला अडचणीत टाकतेच. म्हणून अर्जदाराच्या वकिलाने पहिल्या तारखेपासून कर्जाची संचिका बँकेकडून मागविण्याचा अर्ज द्यावा. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचे कलम १४ हे न्यायालयाला पुराव्याच्या तांत्रिक नियमांत अडकून न पडता उपयुक्त असा कोणताही दस्तऐवज विचारात घेण्याची मुभा देते. ही मुभा वापरली जात नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

काही कागद तर मागण्याचीही गरज नाही. दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक दोनवरून स्थावराचे व्यवहार दिसतात, भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात सक्तीची असल्यामुळे भाड्याचा माग लागतो, खाजगी कंपन्यांचे ताळेबंद शुल्क भरून पाहता येतात, आणि वस्तू व सेवा कराचा नोंदणी क्रमांक टाकला की धंदा कोणाच्या नावाने चालू आहे हे कळते.

चौथी पायरी : भार कोणावर

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जी गोष्ट एखाद्याच्या विशेष माहितीतली आहे ती शाबीत करण्याचा भार त्याच्यावर, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते आणि २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ मध्ये ते तसेच आले आहे. आपल्या दुकानाचा गल्ला किती, ही गोष्ट दुकानदाराहून अधिक विशेष माहितीतली कोणाच्या असेल? आणि जवळ असलेला कागद न दाखविणाऱ्याविरुद्ध तो कागद त्याला प्रतिकूल असल्याचे अनुमान काढावे, हेही त्याच कायद्यात आहे. दीड शतक हाताशी असलेली ही दोन शस्त्रे पोटगीच्या न्यायालयांत म्यानातच राहिली, कारण ‘अर्जदाराने सामनेवाल्याचे उत्पन्न शाबीत केले पाहिजे’ हे वाक्य आपण सवयीने उच्चारीत आलो.

सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा आणि न्यायमूर्ती आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठाकडून ही सवय मोडण्याचा प्रयत्न केला. दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देणी यांचे प्रतिज्ञापत्र ठराविक नमुन्यात द्यावे, शेतीवर राहणाऱ्यांसाठी वेगळा नमुना असावा, सामनेवाल्याने ते चार आठवड्यांत द्यावे, तहकुबी दोनांहून अधिक देऊ नये, टाळाटाळ केल्यास त्याचा बचाव रद्द करता यावा, खोटे लिहिल्यास फौजदारी कारवाई व्हावी, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे निर्देश त्या निकालात आहेत.

निकाल उत्तम आहे. त्याची अंमलबजावणी तशी नाही. उत्पन्नाच्या रकान्यात ‘निश्चित नाही’ असे लिहिलेली प्रतिज्ञापत्रे स्वीकारली जातात, बँकखाते एकच दाखविलेले चालते, आणि खोट्या निवेदनाबद्दल कारवाई अंतिम सुनावणीपर्यंत लांबणीवर पडते व मग विसरली जाते. माझ्या मते पहिली दुरुस्ती अगदी साधी असावी : २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येक करदात्याला आयकर खात्याच्या संकेतस्थळावरून आपले वार्षिक माहिती विवरण मिळते, त्यात व्याज, लाभांश, समभागांचे आणि मालमत्तेचे व्यवहार यांची तिऱ्हाइतांनी कळविलेली नोंद असते, ते तीन वर्षांचे जोडल्याशिवाय प्रतिज्ञापत्र दाखल करूनच घेऊ नये.

पाचवी पायरी : अंदाजाला भिऊ नये

१९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४, ‘पुरेशी साधने’ असूनही जो मुलाचे पालनपोषण करीत नाही त्याच्याविषयी बोलते. साधनांत कौशल्य येते, पत येते, ताब्यातली मालमत्ता येते, धडधाकट शरीर येते. पैपैचा हिशेब त्या कायद्याने कधीच मागितला नव्हता. पोटगीवरची दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा २००१ मध्ये उठली, तेव्हापासून रकमेचा विवेक न्यायाधीशाकडे आहे. त्या विवेकाने बाजारात तसाच धंदा करणारे काय मिळवितात, दुकान कोठे आहे, नोकर किती, माल किती, यावरून एक आकडा लिहावा, त्याची कारणे लिहावीत, आणि तो खोडून काढण्याची मुभा सामनेवाल्याला वह्या हजर करण्याच्या अटीवर द्यावी. ब्रिटनमध्ये मुलांच्या निर्वाहाची आकारणी कर खात्याच्या आकड्यावरून होते. तेथेही हा आकडा पुरत नाही असे दिसून आल्यावर २०१८ पासून ३१,२५० पौंडांहून अधिक मालमत्ता असलेल्या पालकाच्या बाबतीत त्या मालमत्तेवर आठ टक्के काल्पनिक उत्पन्न धरण्याची तरतूद करावी लागली.

आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप, धंदा खरोखरच बुडालेला असेल तर? हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. टाळेबंदीत बंद पडलेले खानावळवाले, मोठ्या मॉलने गिळलेले किराणा दुकानदार आपल्या डोळ्यांपुढे आहेत. अंदाज अवास्तव असला तर देणे साचत जाते, वॉरंट निघते, माणूस परागंदा होतो आणि मुलाला काहीच मिळत नाही. पण ज्याचा धंदा बुडाला आहे त्याला वह्या दाखविण्याची भीती कसली? भार त्याच्यावर टाकल्याने प्रामाणिक माणसाचे नुकसान होत नाही. त्याची बुडीत खाती, परत गेलेला माल, थकलेले भाडे हेच त्याचे साक्षीदार होतात. अंदाजाचा मार न दाखविणाऱ्यावर पडतो.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा. विवरणपत्र ही वैयक्तिक माहिती असून व्यापक सार्वजनिक हित असल्याखेरीज माहितीच्या अधिकाराखाली ती देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरविले, आणि ते मला मान्य आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याची मिळकत चाळू नये. म्हणूनच अर्जदाराने माहिती अधिकाराच्या खेपा घालण्यापेक्षा न्यायालयामार्फत समन्स काढवावे. मूल तिऱ्हाईत नाही, आणि न्यायाधीश पाहतो ती माहिती चव्हाट्यावर येत नाही.

तिसरा, धंद्याला भांडवल लागते, नफा धंद्यात ठेवू द्या. ठेवू द्यावा, परंतु मुलाचा वाटा काढल्यावर. नोकरदारालाही बचत करावीशी वाटते, तरी त्याच्या पगारातून आधी कपात होते. चौथा, आईही आपले उत्पन्न लपविते आणि गरजा फुगविते. तेही खरे आहे आणि २०२० च्या निकालानेही ही प्रवृत्ती नोंदविली आहे; येथे सांगितलेली प्रत्येक कसोटी आई देणेकरी असेल तर तिलाही तशीच लावावी, कारण हक्क मुलाचा आहे आणि १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याचे कलम २० मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी आई व बाप या दोघांवरही ठेवते.

आदेशानंतर

आकडा ठरला तरी वसुली राहतेच, आणि धंदेवाल्याकडून वसुली करताना जप्त करायला पगार नसतो. थकबाकीच्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद देता येते, पण कैद भोगल्याने देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितले आहे. वॉरंटसाठी अर्ज देणे झाल्यापासून वर्षाच्या आत करावा लागतो, हे मात्र अनेक अर्जदारांच्या ध्यानात राहत नाही आणि तेवढी थकबाकी त्या मार्गाने मागता येत नाही. कैदेपेक्षा उपयुक्त आहे ती येणी गोठविण्याची वाट. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ प्रमाणे धंदेवाल्याला ज्याच्याकडून पैसे यायचे आहेत त्याच्याकडे परस्पर जप्ती नेता येते. आणि ज्याने नगरपालिकेचे काम घेतले आहे, कारखान्याला माल पुरविला आहे किंवा इस्पितळात पाहुणा शल्यचिकित्सक म्हणून जातो, त्याच्या येण्यांची यादी त्याच्याच बिलांत असते. मालमत्ता भावाच्या नावावर फुकट हस्तांतरित झाली असेल, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ तिच्या उत्पन्नावर निर्वाहाचा हक्क असलेल्याला तो हक्क त्या भावाविरुद्धही चालविण्याची वाट मोकळी ठेवते. म्हणून उत्पन्न ठरविताना जमविलेले कागद निकालानंतर गासडीत बांधून ठेवू नयेत. कोणते खाते, कोणता ग्राहक, कोणते गोदाम, याची यादी आदेशातच नमूद करून घ्यावी, म्हणजे दरखास्त दाखल करताना आईला तोच शोध पहिल्यापासून पुन्हा करावा लागणार नाही.